मास्तरांच्या मास्तरांचा सत्कार कसा करावा

तुमच्या संस्थेत, मंडळात, खात्यात कुठेतरी एक माणूस असतोच, जो स्वतः मुलांना गणित फारसं शिकवत नाही पण शिकवणाऱ्यांच्या पाठीशी असतो. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतो, तास संपल्यावर त्यांच्याशी बोलतो, नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी नोकरी सोडून पळू देत नाही, आणि हे वर्षानुवर्षं कुणाच्या फारसं लक्षात न येता चालू असतं. आता लक्षात आलंय आणि सन्मान करायचं ठरलंय. (का आत्ताच लक्षात आलं ते विचारू नका, बहुतेक वर्ष संपत आलंय आणि निधी शिल्लक आहे.) ठरलंय ना, छान. फक्त एक काळजी घ्यायची, सन्मान करता करता त्या माणसाच्या कामाशी आपला चुकूनही संबंध यायला नको. वाटतं तेवढं अवघड नाही हे, जगभर लोक लीलया करतात.

सुरुवात नामांकनाच्या फॉर्मपासून करा, कारण एकदा फॉर्म नीट जमला की पुढचं सगळं आपोआप बिघडतं. घेतलेल्या कार्यशाळा किती, प्रशिक्षित केलेले शिक्षक किती, एकूण तास किती, असे रकाने टाका. गणिताच्या माणसाचा सत्कार म्हटल्यावर आकडे हवेतच असं म्हणायची सोय पण आहे. एका हॉलमध्ये चारशे शिक्षक कोंबून दिवसभर स्लाइड दाखवल्या की रकान्यात चारशे. आणि एका शिक्षिकेसोबत वर्षभर दर आठवड्याला बसून तिचं अपूर्णांक शिकवणं मुळापासून बदललं की रकान्यात एक. चारशे मोठे की एक मोठा, एवढं गणित निवड समितीला येतंच. शिवाय फीडबॅकची सरासरी जोडा, तो फीडबॅक जो सत्र संपायच्या आधीच भरून घेतलेला असतो कारण तो भरल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही आणि सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय कुणी घरी जात नाही. पाचपैकी चार पॉइंट आठ. दशांश चिन्ह दिसलं की लोकांचा विश्वास बसतो.

ज्या शिक्षकांसाठी त्या व्यक्तीने काम केलं त्यांना विचारायचा रकाना मात्र ठेवू नका, ते काहीतरी भलतंच सांगत बसतात. "मॅडमनी मला काही शिकवलं नाही हो, त्या नुसत्या प्रश्न विचारायच्या" असं कुणी लिहून दिलं तर समितीने करायचं काय?

आणि काहीही करा पण समितीला वर्गात जाऊ देऊ नका. गेली तर काय होईल ते सांगतो. समजा मॅडम मागच्या बाकावर बसल्यात, पुढे एक तरुण शिक्षक उत्साहात शिकवतोय, फळ्यावर लिहिलंय ८ + ४ = रिकामी चौकट + ५. चौकटीत काय येईल? वर्ग शांत, मुलं लिहितायत. मॅडमच्या शेजारच्या मुलीने १२ लिहिलं. पुढच्याने पण १२. एकाने १७ लिहिलं आणि वर वही झाकून घेतली, म्हणजे त्याला खात्री आहे. शिक्षक फिरत फिरत येतो, १२ बघतो, हळूच मॅडमना म्हणतो, "हुशार आहे ही, घाईत चुकली." आता इथे कुठलाही कर्तबगार प्रशिक्षक उठून फळ्यापाशी गेला असता, खडू हातात घेतला असता आणि सात कसे येतात ते सगळ्यांना दाखवून टाळ्या घेतल्या असत्या, कुणीतरी फोटो पण काढला असता. या बाई काय करतात? काही नाही. बसून राहतात. तास संपल्यावर त्या शिक्षकाला म्हणतात, चल, वह्या बघू. आणि वह्या बघता बघता त्यालाच दिसतं की घाईत चुकायला एवढी सगळी पोरं एकदम घाईत नव्हती. त्यांना बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा" असं वाटतंय, दोन्ही बाजू सारख्या आहेत असं वाटतच नाहीये, आणि वाटणार तरी कसं, इतकी वर्षं प्रत्येक गणितात ते चिन्ह शेवटीच आलंय आणि त्याच्यापुढे फक्त एक उत्तर लिहायचं असतं. हीच पोरं पुढे समीकरणात आली की आपण म्हणणार यांना बीजगणित जमत नाही.

मग मॅडम विचारतात, "उद्या काय करशील?" आणि गप्प बसतात, बराच वेळ. त्या गप्प बसण्याला फॉर्ममध्ये रकाना नाही आणि फोटोत तर दोन माणसं वह्यांच्या ढिगाऱ्याकडे बघत बसलेली दिसतात, त्याचं बॅनर होत नाही.

दुसरा धोका म्हणजे समितीतलं कुणीतरी "गणित शिक्षकाला शिकवण्यात एवढं काय असतं, गणित आलं की झालं" असं म्हणण्याऐवजी खरंच विचार करायला लागेल. तसं होतंय असं दिसलं तर ताबडतोब विषय बदला. कारण गणित शिक्षणावर संशोधन करणाऱ्या लिपिंग मा यांचा एक अभ्यास १९९९ साली पुस्तकरूपाने आला, त्यात त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना एक साधं गणित दिलं होतं, पावणेदोन भागिले अर्धा. सोडवा, आणि यावर एक गोष्टीतलं उदाहरण तयार करा. चीनमधल्या सगळ्यांनी सोडवलं. अमेरिकेतल्या निम्म्यांनाही धड सोडवता आलं नाही, आणि उदाहरण म्हणाल तर गणिताच्या दृष्टीने बरोबर ठरेल असं फक्त एकीला जमलं. तुम्हीही करून बघा आत्ता. बहुतेक जण म्हणतात पावणेदोन मीटर दोरी दोघांत सारखी वाटली. ती दोनने भागली हो, अर्ध्याने नाही. अर्ध्याने भागायचं तर त्या दोरीचे अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे किती होतील ते विचारायचं, साडेतीन होतात. "दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा" हे पाठ असलेल्या माणसाला साडेतीन येतात, पण भागाकार केला आणि उत्तर मोठं कसं झालं असं पोराने विचारलं की "नियमच आहे तसा" म्हणावं लागतं.

आता यात खरी अडचणीची गोष्ट पुढेच आहे. चीनमधल्या त्या शिक्षकांचं औपचारिक शिक्षण अमेरिकेतल्यांपेक्षा कित्येक वर्षं कमी होतं. म्हणजे डिग्रीने हे आलं नव्हतं. त्यांच्याकडे नोकरीत असताना शिक्षकांनी एकत्र बसून धड्याचा कीस काढायची पद्धत होती, जुनी माणसं नव्यांना घेऊन बसायची. जपानमध्येही तसंच काहीसं चालतं, बरेच शिक्षक मिळून आठवडेच्या आठवडे एकाच तासाची तयारी करतात, मग एकजण शिकवतो आणि बाकीचे शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघत बसतात, नंतर चर्चा, आणि शेवटी बाहेरून बोलावलेला एखादा अनुभवी माणूस बोलतो. एवढे दिवस, एका तासासाठी! आपल्याकडे तेवढ्यात अख्खा अभ्यासक्रम बदलून होतो. तर हे असलं काही समितीसमोर येऊ देऊ नका, नाहीतर उगाच कुणीतरी म्हणेल की सन्मानच करायचा असेल तर त्या बाईंना आणि शिक्षकांना बसायला वेळ द्या. वेळ द्यायचा म्हणजे टाइमटेबल बदलायचं. त्यापेक्षा ट्रॉफी स्वस्त.

कुणी म्हणालंच की या लोकांचा सन्मान करायला उशीर झाला, तर इतिहास दाखवा, त्यात आपल्याला भरपूर आधार आहे. गणितज्ञांसाठीचं फील्ड्स पदक पहिल्यांदा १९३६ साली दिलं गेलं. गणित शिकवण्याचा विचार करणारं आंतरराष्ट्रीय मंडळ त्याच्याही आधी, १९०८ साली रोममध्ये स्थापन झालं, अध्यक्ष कोण तर फेलिक्स क्लाइन, एवढा मोठा गणिती असून शाळेच्या शिक्षकांसाठी व्याख्यानं देणारा. क्लाइन तेव्हाच सांगत होते की विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा शाळेतलं गणित विसरायला लागतं आणि शिक्षक होऊन परत शाळेत जातो तेव्हा विद्यापीठातलं, मग तो स्वतःला जसं शिकवलं होतं तसंच शिकवायला लागतो. ऐकून बरं वाटतं ना, शंभर वर्षांपूर्वीची तक्रार अजून जशीच्या तशी वापरता येते, नवी लिहायचे कष्ट वाचले. तर या मंडळाची पदकं कधी सुरू झाली? संशोधनासाठीची दोन पदकं पहिल्यांदा २००३ साली दिली गेली. आणि प्रत्यक्ष कामासाठीचा, म्हणजे वर्गात आणि शिक्षकांपर्यंत पोचणाऱ्या कामासाठीचा एम्मा कास्तेलनुओवो पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला २०१६ मध्ये. ज्यांच्या नावाने आहे त्या रोममधल्या शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या, पुरस्कार जाहीर झाला तेव्हा शंभरीला टेकल्या होत्या. फील्ड्सनंतर ऐंशी वर्षं. फील्ड्सला वयाची अट चाळीसच्या आतली आहे. शिक्षकांना घडवणाऱ्यांसाठी आपण अट ठेवायची ती निवृत्तीला जास्तीत जास्त दोन महिने उरलेले असावेत अशी, म्हणजे पुढे काही मागायला येत नाहीत.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. शाळेच्या वेळेतच ठेवा. शिक्षक टाळ्या वाजवायला हवेत, तर त्यांचे वर्ग बंद ठेवायलाच लागणार, आणि गणिताच्या तासाच्या किमतीवर गणित शिक्षणाचा गौरव यापेक्षा जास्त मनापासून कसा करणार?

सन्मानपत्र असं लिहा की फक्त नाव बदललं की पोहण्याच्या कोचलाही चालेल. "आपल्या निस्वार्थ सेवेने असंख्य जीवनं उजळली." असंख्य हा शब्द गणितवाल्याला खटकतो, मोजता येतील एवढेच शिक्षक होते ते, पण स्टेजवर कोण बोलणार. बरोबरच्या चिन्हाचा, दोरीच्या तुकड्यांचा उल्लेख अजिबात नको. कारण एकदा नेमकं लिहिलं की वाचणाऱ्याला काम समजतं, आणि समजलं की हे काम सगळीकडे का होत नाही असा प्रश्न पडतो.

प्रमुख पाहुणे निवडताना एकच कसोटी, त्यांनी "शाळेत असताना गणिताचं आणि माझं कधी जमलंच नाही" हे वाक्य हसत हसत म्हटलं पाहिजे. म्हणतातच. सभागृह हसतं, टाळ्या पडतात, पाहुणे खूश, आणि ज्या बाईंनी उभं आयुष्य हे वाक्य म्हणायची वेळ पुढच्या पिढीवर येऊ नये म्हणून घालवलं त्या पण स्टेजवर बसून हसतात, कारण काय करणार. मला वाचता येत नाही असं स्टेजवरून कुणी हसून सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही अजून, पण ते जाऊ दे, विषयांतर होतंय. पाहुण्यांनी पुढे गणित आयुष्यात किती महत्त्वाचं यावर पस्तीस मिनिटं बोलावं.

सत्कारमूर्तींना दोन मिनिटं द्या. त्या सवयीप्रमाणे शिक्षकांची नावं घ्यायला लागतील, कुठल्या शिक्षकाने अपूर्णांकाच्या पट्ट्या कशा वापरल्या, कुणी "दहाने गुणलं की शून्य लावा" हे सांगणं कसं बंद केलं, कारण पोरं अडीच गुणिले दहाला दोन पॉइंट पन्नास लिहायला लागली होती, असलं काहीतरी. हॉलमध्ये मागच्या रांगेतले चारपाच जण इथे एकदम जागे होऊन पुढे झुकतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, ते त्यांचेच शिक्षक आहेत. सूत्रसंचालकाला खूण करा, वेळ संपली.

सत्कार झाला की खरा सन्मान सुरू करायचा. एवढ्या गुणी व्यक्तीला वर्गात मागच्या बाकावर बसवून ठेवणं बरं दिसत नाही, तेव्हा त्यांना समित्यांवर घ्या. धोरण समिती, मूल्यमापन समिती, समित्यांचा आढावा घेणारी समिती. केबिन द्या. त्यांची वर्गभेट कुणाच्या तरी सहीशिवाय होणार नाही एवढं बघा, ती सही करणारा माणूस सहसा दौऱ्यावर असतो. वर्षभरात त्या एकाही वर्गात गेलेल्या नसतील आणि वार्षिक अहवालात त्यांचा फोटो मात्र तीनदा येईल. तो तरुण शिक्षक, ज्याने वह्या काढून बघितल्या होत्या, दोनतीनदा फोन करेल, मग करणार नाही. त्याच्या वर्गात चौकटीत पुन्हा बारा यायला लागतील, तो म्हणेल घाईत चुकतात.

कधीतरी त्या बाई एक पानी अर्ज देतील. फार काही नसतं त्यात. आठवड्यातून एक तास असा द्या की सगळे गणित शिक्षक एकाच वेळी मोकळे असतील, एकत्र बसतील, एखादा धडा, चार वह्या बघतील, आणि मला त्यांच्यात बसू द्या. एवढंच. अर्ज घ्या, उभे राहून घ्या, त्यांच्याबद्दल आदर आहेच तुम्हाला. त्यावर "तपासून सादर करावे" असा शेरा मारा आणि त्यांना सांगा की पुढच्या वर्षीच्या पुरस्काराच्या निवड समितीत एक जागा रिकामी आहे, बैठका दर आठवड्याला, नेमक्या त्याच वेळेत.