पोराच्या पुरळाचा फोटो डॉक्टरांना पाठवताना

आमच्या मालवण तालुक्यात पावसाळ्यात लहान पोरांच्या जांघेत पुरळ उठणं ठरलेलं. कपडे वाळत नाहीत, लंगोट दमट. पोरांचा डॉक्टर कणकवलीला नाहीतर कुडाळला. मग आई काय करते? खिडकीच्या उजेडात पोराला उताणं धरते, फोटो काढते आणि डॉक्टरांना व्हॉट्सअॅप करते. डॉक्टरच म्हणतात, आधी फोटो टाका. रात्री वायफाय मिळालं की तोच फोटो आपसूक क्लाउडवर चढतो, हे किती जणींच्या गावी असतं?

सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने फेब्रुवारी २०२१ मध्ये जवळपास हेच केलं. गूगलच्या यंत्रणेने तो फोटो बालशोषणाचा ठरवला. खातं बंद. मेल, फोन नंबर, पोराचे जन्मापासूनचे फोटो, सगळं गेलं. पोलिसांनी चौकशी केली, गुन्हाच नाही म्हणून फाइल मिटवली. तरी गूगलने खातं परत दिलं नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे छापलं तेव्हाही कंपनी आपल्या निर्णयावर ठाम होती.

बालशोषणाची चित्रं फिरवणारे पकडले जायलाच हवेत, त्यात दुमत नाही. आधीच माहीत असलेल्या चित्रांशी ठसा, म्हणजे चित्रावरून यंत्राने काढलेला आकड्यांचा कोड, जुळवून बघणं मी एकवेळ समजू शकतो. पण आईने आज काढलेला नवा फोटो बघून यंत्राने अंदाज बांधायचा, आणि त्या अंदाजावर माणसाचं खातं बंद करायचं?

अॅपल तर थेट फोनातच शिरणार होती. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आयक्लाउडवर, म्हणजे त्यांच्या क्लाउडवर, जाणारा फोटो आधी फोनमध्येच अशा माहीत चित्रांच्या ठशांच्या यादीशी ताडला जाईल, आणि साधारण ३० जुळले की माणूस तपासेल. दोन आठवड्यांच्या आत लोकांनी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन चित्रांचा ठसा एकच येतो हे करून दाखवलं. शिवाय आज यादी मुलांसाठी, उद्या एखाद्या सरकारने आपली यादी पुढे केली तर? आरडाओरडा झाला, बेत लांबला, डिसेंबर २०२२ मध्ये गुंडाळला. मागे हटले हे बरंच केलं.

आमच्या काकी म्हणतात, "माझ्या फोनात लपवूसारख्या काय आसा? आंबे, गणपती नि नातवंडा." त्याच नातवंडांचे मागील दारी उघड्याने आंघोळ करतानाचे फोटो त्यात आहेत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. गावात काही लपत नाही, खरं. पण कोण डोकावतं ते आपल्याला ठाऊक असतं, आणि वेळ आली तर त्याच्या दारात जाऊन भांडता येतं.

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. छान. पण सातबाऱ्यावर नाव चुकलं तर प्रांताकडे अपील असतं. खातं चुकून बंद झालं तर आचऱ्याच्या बाईने कुणाचं दार ठोठवायचं? एक फॉर्म, तोही इंग्रजीत? कंपन्यांनी विश्वासाच्या गप्पा मारण्याआधी मराठी बोलणारा, चूक दुरुस्त करायचा अधिकार असलेला माणूस फोनवर बसवावा. आणि असलं काही सुरू करण्याआधी विचारावं, गुपचूप चालू करून ठेवू नये.

तोवर असले फोटो काढण्याआधी बॅकअप बंद करा. बटण सापडत नसेल तर चतुर्थीला आलेल्या चाकरमान्याला पकडा, आरती संपल्यावर नाहीतरी तो मोबाइलच चाळत बसलेला असतो.