मी काही खाल्लं नाही

रात्री साडेअकराला डिस्क ९६ टक्के भरल्याचं दिसलं. जुने व्हिडिओ धडाधड उडवले, चांगले ४०० जीबी. डिस्क ९६ टक्केच.

मग ट्यूब पेटली: स्नॅपशॉट! म्हणजे त्या क्षणी डेटा जसा होता तसा गोठवून ठेवलेला. डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी माझी फाइल सिस्टिम, झेडएफएस, जुन्या ब्लॉकवर (डेटाच्या तुकड्यावर) गिरवत नाही, नवीन मजकूर दुसरीकडे लिहिते. त्यामुळे स्नॅपशॉट क्षणात होतो आणि घेताना जागाही जवळपास खात नाही. फुकट ते पौष्टिक म्हणून मी दर तासाला एक घेणारी स्क्रिप्ट लावली होती. अकरा महिन्यांपूर्वी. जुने काढून टाकणारी स्क्रिप्ट 'उद्या' लिहिणार होतो.

फाइल उडवली तरी एक जरी स्नॅपशॉट तिला धरून बसला असेल तर जागा सुटत नाही. वडिलोपार्जित जमिनीसारखं, शेवटच्या वारसाची सही होईपर्यंत काही हलत नाही. यादी काढली. प्रत्येकाच्या नावापुढे वापर किती? काही केबी! कारण अनेकांनी मिळून धरलेला ब्लॉक कुणाच्याच खात्यावर पडत नाही. हजारो साळसूद चेहरे, आणि एकेक जण सांगतोय, मी काही खाल्लं नाही.

एक उडवला, काही नाही. दहा उडवले, तरी नाही. शेवटी पहिल्या आणि शेवटच्या नावामध्ये टक्क्याचं चिन्ह टाकलं की मधले सगळे एकदम जातात, हे ज्ञान वापरलं. जागा सुटली. कृतार्थ होऊन झोपलो.

सकाळी बॅकअप रुसला. इन्क्रिमेंटल म्हणजे गेल्या वेळेपासून बदललं तेवढंच पाठवायचं. पण 'गेली वेळ' दाखवणारा स्नॅपशॉट दोन्हीकडे लागतो. बॅकअपच्या मशीनवर तो सुखरूप होता. माझ्याकडचा मी रात्री टक्क्यात घालवला होता. त्याच्यावर 'होल्ड' लावला असता तर तो उडालाच नसता. नुसता 'बुकमार्क', म्हणजे त्या क्षणाची खूण, ठेवला असता तरी भागलं असतं, आणि तो डेटाही धरून ठेवत नाही. मॅन्युअलमध्ये हे सगळं स्वच्छ लिहिलंय. मी ते त्या सकाळी वाचलं.

आता सगळंच नव्यानं पाठवायचं: ३ टीबी, १०० मेगाबिटची लाइन, म्हणजे किमान ६७ तास. पलीकडे दोन्ही प्रती मावेनात, म्हणून जुनी आधी पुसावी लागली. म्हणजे ६७ तास बॅकअप नावाची वस्तूच नाही! घरात मी चवड्यांवर चालत होतो. कुणी मिक्सर लावला तरी पोटात गोळा.

बावन्नाव्या तासाला लाइन तुटली. अर्धवट राहिलेलं तिथूनच पुढे नेता येतं, फक्त घेणाऱ्या बाजूला सुरुवातीलाच तसा पर्याय द्यावा लागतो. एक अक्षर. तेवढंच राहिलं होतं.

डोकं धरून डिस्क पाहिली. तासाची स्क्रिप्ट इमानेइतबारे चालू होती. ५२ नवे स्नॅपशॉट, प्रत्येकी काही केबी.