4 टीबीचा पोटमाळा

मुंबईत घरातली जागा संपली की माणूस छताकडे बघतो आणि पोटमाळा काढतो. कॉम्प्युटरमधली संपली की नवी हार्ड डिस्क घ्यायला कॉम्प्युटरच्या सामानाचा लॅमिंग्टन रोड गाठतो. माझी 4 टीबीची, म्हणजे टेराबाइटची. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ग्रँट रोडला उतरून त्या नावाने विचारलंत तर स्वतःच हरवाल.

तिथे सुटी हार्ड डिस्क नुसत्या चंदेरी पिशवीत हातावर ठेवतात. सोबत ना केबल, ना स्क्रू. हे घरी येऊन कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, उघडल्यावरच लक्षात यायचं, असा नियम आहे. म्हणून दुकानातच मागून घ्या: एक साटा केबल (डिस्क कॉम्प्युटरला जोडणारी) आणि चार जाड आट्यांचे स्क्रू. डीव्हीडी ड्राइव्हचे जपून ठेवलेले स्क्रू चालत नाहीत. त्यांचे आटे बारीक. नुसते गरगर फिरतात, किंवा जोर केलात तर डिस्कचेच आटे खातात.

कॅबिनेटला घरात सगळे 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली मुख्य चिप, पण मी त्यांची चूक दुरुस्त करणं सोडून दिलंय. प्लग काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आमच्या दमट हवेत अंगावरच्या विजेची भीती कमी, पण पत्र्याला हात लावायला पैसे पडत नाहीत. स्क्रू मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किटवर) पडला तर (पडतोच) तो सापडेपर्यंत वीज चालू करू नका.

डेटाच्या केबलला 7 पिना, पॉवरच्या वायरला 15. दोन्हींची खाच इंग्रजी एल अक्षरासारखी, म्हणजे उलटी बसूच नये. तरी जोर लावणारे असतात. मग डिस्कवरची प्लॅस्टिकची जीभ तुटते आणि नवी डिस्क तिथेच निवृत्त होते. एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाची वायर शिल्लक नसेल तर जुन्या चार पिनांच्या मोलेक्स वायरीवरून जोड मिळतो. त्यातले एकसंध ओतीव प्लॅस्टिकचे स्वस्त जोड टाळा. आत वायरी एकमेकींना टेकून ते पेटल्याची उदाहरणं आहेत.

एवढं करून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) डिस्क दिसली नाही तर दुकानदाराचा उद्धार करण्याआधी मदरबोर्डची पुस्तिका बघा. बऱ्याच बोर्डांवर एम डॉट टू नावाच्या खाचेत एसएसडी (चिपांची चपटी डिस्क) बसवली की एखादा साटा पोर्ट गुपचूप बंद होतो. केबल शेजारच्या पोर्टात घाला.

विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडून डिस्क शोधू नका. कोरी डिस्क तिथे दिसत नाही. विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. ते विचारेल, डिस्कच्या खोल्यांची नोंद कशी ठेवायची, एमबीआर की जीपीटी? एमबीआर म्हणजे जुनी चाळ: मुख्य खोल्या चारच, आणि 2 टीबीच्या पुढची जागा वहीत मावतच नाही. जीपीटी घ्या. मग रिकाम्या जागेच्या काळ्या पट्टीवर उजवी क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम, आणि फॉरमॅट विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीने. डिस्कच्या नंबरावर विसंबू नका, आकार बघा. लग्नाचे फोटो असलेल्या डिस्कवर फॉरमॅट दाबणारे नंबरच वाचत असतात.

आता 4 टीबीच्या जागी 3.63 दिसेल. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. फ्लॅट घेतलेल्यांना हे समजावावं लागत नाही: 4 हा सुपर बिल्ट-अप, 3.63 हा कार्पेट.

क्विक फॉरमॅट काही सेकंदांत होतो, पण सगळी डिस्क तपासत नाही. नव्या डिस्कला मी एकदा फुल फॉरमॅट देतो. 4 टीबीला सहा-सात तास सहज लागतात. रात्री लावा आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डावर 'बंद करू नये' असा कागद चिकटवा. सकाळी पाणी आलं की घर जागं होतं, आणि कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला नेमका तोच प्लग काढतं. नुकसान काही नाही, डिस्क रिकामीच असते. फक्त फॉरमॅट पुन्हा शून्य टक्क्यापासून.