वीस ज्यूल गेले कुठे?

परवा भाचीची वही तपासून परत आली आणि त्यात माझा अर्धा गुण कापलेला होता. कागदोपत्री गुण तिचा, पण उत्तर मी काढलेलं, तेव्हा अपमान माझाच. उत्तर होतं २०. बरोबर होतं. त्याच्याभोवती लाल शाईने गोल काढून बाजूला एकच शब्द लिहिला होता: 'काय?' म्हणजे वीस काय. ज्यूल हे ऊर्जेचं एकक लिहायचं राहिलं होतं.

ते मी गिळलंही असतं. पण पुढच्या पानावर, 'तरंगाबरोबर माध्यमाचे कण पुढे जातात का? उदाहरण द्या' या प्रश्नाखाली त्याच लाल शाईत 'उत्तम उदाहरण!' असा शेरा होता, उद्गारचिन्हासकट. ते उदाहरण माझं नव्हतं. ते वरच्या मजल्यावरच्या काकांचं होतं.

झालं असं की रविवारी बहिणीने 'मामाला विचार, तो इंजिनियर आहे' असं सांगून मुलीला माझ्याकडे धाडलं. मी इंजिनियर आहे हे खरं. गेली अठरा वर्षं मी फक्त ईमेलना उत्तरं देतो हेही तितकंच खरं. पण नववीचं भौतिकशास्त्र म्हणजे काय, बल, ऊर्जा, तरंग, डाव्या हाताचा मळ! मी पेन्सिल मागवली, तिला टोक करायला लावलं आणि 'वाच' म्हणालो.

"५०० ग्रॅमचा चेंडू २० मीटर उंचीवरून सोडला. आदळून तो १६ मीटर वर उसळला. तर किती ऊर्जा कमी झाली? गुरुत्व त्वरण १० घ्या."

आता यात काय आहे? वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची. पाचशे गुणिले दहा गुणिले वीस, एक लाख. उसळल्यावर पाचशे गुणिले दहा गुणिले सोळा, ऐंशी हजार. "एक लाखातून ऐंशी हजार गेले," मी खड्या आवाजात म्हणालो, "वीस हजार गायब!"

नेमके त्याच वेळी काका दारात उभे होते. माझा पाना परत द्यायला आले होते.

काका सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झाले आहेत. निवृत्त झाले असं आपण म्हणायचं. त्यांचं लेखापरीक्षण अजून चालूच आहे, फक्त त्याला आता कार्यालय उरलेलं नाही. 'वीस हजार गायब' हे शब्द त्यांच्या कानावर पडले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी आजवर फक्त लग्नात मुलीकडच्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. पाना टेबलावर ठेवून ते खुर्ची ओढून बसलेच.

"कोणाच्या ताब्यात होते?"

"काका, ज्यूल आहेत. चेंडूचे."

"असू देत. सुरुवातीची शिल्लक एक लाख म्हणता. अखेरची ऐंशी हजार. मधल्या व्यवहाराचं व्हाउचर कुठे आहे?"

"जमिनीवर आदळला ना चेंडू."

"जमिनीच्या नावावर जमा दाखवलेत?"

भाची खाली मान घालून हसत होती. मला वाटलं काकांना हसते आहे. मग तिने पेन्सिलीच्या मागच्या टोकाने माझ्या पाचशेवर हलकेच टकटक केलं. "मामा, ग्रॅम आहेत. किलोग्रॅम करायचे असतात."

अर्धा किलो. म्हणजे शंभर ज्यूल, ऐंशी ज्यूल, आणि गेले ते वीस. हजार नाहीत, नुसते वीस. नंतर, सगळे झोपल्यावर, मी गुपचूप हिशेब करून पाहिला. माझं पहिलं उत्तर खरं असतं तर तो अर्ध्या किलोचा चेंडू जमिनीशी सेकंदाला ६३२ मीटर वेगाने पोचला असता. ध्वनीचा हवेतला वेग ३४० च्या आसपास. म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाला 'बाजूला हो' अशी हाक पोचण्यापूर्वी चेंडू पोचला असता. प्रत्यक्षात त्याचा वेग होतो सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. तेही डोक्यात बसायला पुरेसं आहे.

वीस हजारांचे वीस झाले म्हणजे काका उठून जातील अशी माझी अपेक्षा होती. त्यांचा उत्साह एका ज्यूलनेही कमी झाला नाही.

"रकमेचा प्रश्न नाहीये. तत्त्वाचा आहे. गेले कुठे?"

"उष्णतेत गेले. थोडे आवाजात. चेंडू चेपतो, पुन्हा फुगतो, त्यात आत घर्षण होतं."

"म्हणजे किरकोळ खर्च."

"तसंच समजा."

"किरकोळ खर्चाखाली वीस टक्के?" काकांनी चष्मा काढून भाचीकडे पाहिलं. "बाळ, किरकोळ खर्चात वीस टक्के गेलेले मी पास केले असते तर निवृत्तिवेतन मिळालं नसतं मला."

इथे मला त्यांचा राग आला, आणि तो का आला ते मला जरा उशिराच कळलं. शाळेत मला भौतिकशास्त्रात ब्याण्णव होते. हा असला चेंडू मी निदान पन्नास वेळा खाली सोडला असेल. दिले आहे, सूत्र, किमती घालून, उत्तर, खाली दोन रेघा. त्या पन्नास वेळांत 'गेले कुठे' असं मला एकदाही वाटलं नाही. एकदा, फक्त एकदा, दोरीला स्वतःचं वजन का नसतं असं मी वर्गात विचारलं होतं. त्यावर 'परीक्षेत विचारणार नाहीत' असं उत्तर मिळालं आणि विषय संपला. ते उत्तरही बरोबरच होतं म्हणा. परीक्षेत विचारलं नाही.

तर हा प्रश्न ज्याला पडला तो माणूस होता ज्यूल. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल, घरचा धंदा मद्यनिर्मितीचा. वजनं खाली सोडायची, त्यांच्या दोरीने पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं, असा उद्योग त्याने १८४० च्या दशकात वर्षानुवर्षं केला. १८५० मध्ये त्याने आकडा दिला: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ फूट-पौंड कार्य लागतं. आजच्या आकड्याच्या अगदी जवळ. आमच्या चेंडूचे वीस ज्यूल अर्धा लिटर पाण्यात ओतले तर पाणी तापेल अंशाच्या जेमतेम एक शतांशाने. ज्यूलचा सगळा झगडा असल्याच दीडदमडीच्या फरकांशी होता.

हे मी काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या खात्यात हवा होता."

पुढचा प्रश्न प्रतिध्वनीचा. माणूस कड्यासमोर उभा राहून ओरडतो, दोन सेकंदांनी प्रतिध्वनी ऐकू येतो, ध्वनीचा वेग ३४० मीटर प्रतिसेकंद, तर कडा किती लांब? मी आता सावध झालो होतो. एककं दोनदा तपासली. तीनशेचाळीस गुणिले दोन, सहाशेऐंशी. मीटर! एकक म्हणताना मी भाचीकडे जरा रोखूनच पाहिलं.

"एकेरी की दुहेरी?" काका म्हणाले.

"काय?"

"आवाज गेला, परत आला. तुम्ही दोन्हीकडचं अंतर लावलंत. कडा एकाच बाजूला आहे ना? प्रवासभत्त्याच्या बिलात लोक हेच करायचे. जाऊन-येऊनचे किलोमीटर टाकायचे आणि वर परतीचं वेगळं मागायचे."

तीनशेचाळीस मीटर. उत्तरं मागे छापलेली होती, भाचीने पाहून मान डोलावली. ज्या माणसाने आयुष्यात तरंगलांबी हा शब्द ऐकला नव्हता त्याने प्रवासभत्त्यावरून माझी चूक काढली होती.

मग मी सूड घेतला. ते माझ्या वयाला शोभणारं नव्हतं, पण घेतला. बल आणि कार्य या धड्यातली एक गोष्ट मला पक्की आठवत होती. "काका," मी म्हणालो, "समजा तुम्ही चाळीस किलोची फायलींची पेटी डोक्यावर घेऊन तासभर एका जागी उभे राहिलात. किती कार्य केलंत?"

"पुष्कळ."

"शून्य. बल लावलंत, पण विस्थापन नाही. विस्थापन नाही तर कार्य नाही. आता चाळीस वर्षं खुर्चीत बसून..."

वाक्य मी अर्धवट ठेवलं, पण पोचायचं ते पोचलं. काका मुळीच विचलित झाले नाहीत. "मग घाम कशाने आला?" त्यांनी विचारलं.

आणि इथे माझी पुन्हा पंचाईत झाली. मला धड्यातलं 'शून्य' पाठ होतं, घामाचं काहीच पाठ नव्हतं. खरं म्हणजे उत्तर सोपं आहे. नुसतं उभं राहतानाही स्नायूंचे तंतू सारखे आखडत आणि सैल होत असतात, त्यात अन्नातली ऊर्जा खर्ची पडते आणि उष्णता होते. पेटीवर कार्य शून्य, माणसाच्या आत खर्च चालूच. पण हे तेव्हा मला सुचेना. भाचीने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं, एक एक शब्द, सावकाश, मी जसा बँकेतल्या आजोबांना फॉर्म वाचून दाखवतो तसं.

"म्हणजे पेटीच्या खात्यात निरंक आणि आस्थापनेवर खर्च," काका म्हणाले. "बरोबर आहे. कायमच असं असतं."

मग तरंगांची पाळी आली. एव्हाना मी हातात दोरी घेतली होती. एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं झटकलं. एक उंचवटा दोरीवरून सळसळत गेला, कडीवर आपटला आणि उलटा होऊन परत आला. हे मात्र खरोखर देखणं दिसतं. मी पुन्हा पुन्हा झटकत राहिलो. दोरीवर मध्यावर भाचीची लाल रिबिन बांधली, ती फक्त वर-खाली होत होती, दाराकडे एक बोटभरही सरकत नव्हती. "बघ," मी म्हणालो, "ऊर्जा पुढे जाते, कण जागच्या जागी." वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, हेही मी ठणकावून सांगितलं, कारण त्यात चुकायला फारशी जागा नाही.

काका त्या रिबिनीकडे टक लावून बघत होते. "फाइल," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून तिसऱ्या. पार साहेबांपर्यंत जाते. कारकून उठतो का? नाही. तो खुर्चीत पुढे झुकतो, मागे रेलतो, पुन्हा आपल्या जागी. आणि साहेबांनी सही नाही केली तर..." त्यांनी दाराच्या कडीकडे बोट केलं, "...उलटी होऊन परत येते."

हे ते 'उत्तम उदाहरण!' भाचीने जसंच्या तसं लिहिलं. रिबिनीचा उल्लेख नाही, दोरीचा नाही, माझा तर नाहीच. प्रामाणिकपणे सांगायचं तर पुढे झुकणारा आणि मागे रेलणारा कारकून हे ध्वनीतरंगाचं उदाहरण आहे, दोरीवरच्या तरंगाचं नाही. दोरीत कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात, ध्वनीत तरंगाच्या दिशेनेच पुढेमागे. हा भेद मी शिक्षकांच्या नजरेला आणून द्यावा असं मला फार वाटलं. बहिणीने मला शाळेत जायची मनाई केली आहे.

आणि तरी त्या अर्ध्या गुणाचं मला पटत नाही ते नाहीच. अहो, ९.८ च्या जागी १० घ्या म्हणता, तेव्हा कोणी लाल गोल काढत नाही. हवेचा विरोध नगण्य माना म्हणता. घर्षण नाही असं समजा, दोरीला वजन नाही, कप्पी गुळगुळीत. अख्ख्या निसर्गाला सूट, आणि मला एका ज्यूलच्या नावाची सूट नाही? हे मी भाचीसमोर बोललो तर ती म्हणाली, मंगळाकडे गेलेलं एक यान १९९९ मध्ये याच कारणाने गेलं. एका गटाने आकडे पौंडांत दिले, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये समजून वापरले, आणि यान मंगळाच्या फार जवळ जाऊन नष्ट झालं. मार्स क्लायमेट ऑर्बिटर. मी पडताळून पाहिलं. खरं आहे. हल्लीच्या मुलांना नको ते सगळं ठाऊक असतं.

काल रात्री दहा वाजता दारावर टकटक झाली. काका. एका हातात रबरी चेंडू, दुसऱ्या हातात मोजपट्टी, कानावर पेन्सिल. मला भिंतीशी उभं केलं. शंभर सेंटिमीटरवर खूण, चेंडू सोडला, मी वाकून बघायचं कुठपर्यंत येतो ते. पहिल्यांदा माझी नजर चुकली. दुसऱ्यांदा चौसष्ट. तिसऱ्यांदा पासष्ट. चौथ्यांदा पुन्हा चौसष्ट. भिंतीवर चार रेघा झाल्या, त्यांतल्या दोन एकमेकींवर. माझी कंबर धरली. काकांनी चेंडू उचलून गालाला लावला, गरम झालाय का ते बघायला, आणि मग माझ्याही गालाला लावला.

"लागतंय काही?"

"नाही."

"छत्तीस टक्के गेलेत दर खेपेला, आणि लागत नाही म्हणता?" त्यांनी वही उघडली. 'आक्षेप कायम' असं लिहून खाली तारीख घातली आणि सहीसाठी पेन्सिल माझ्यापुढे केली.