बेकेलाइट ओळखायला तापलेली सुई लागत नाही

“आजीच्या पेटीतल्या पिवळट बांगड्या, काळे खटके, जुना रेडिओ भंगारात देऊ नका! हे बेकेलाइट आहे, लाखांत जातं. सुई लालबुंद करून टोचा, आत शिरली नाही तर अस्सल. मग नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून हवाबंद पिशवीत ठेवा.” हा मेसेज सध्या नाशिकमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. बेकेलाइट म्हणजे जुन्या काळचं एक कडक प्लॅस्टिक. भंगारात देऊ नका, हे अगदी बरोबर. बाकीचं ऐकलंत तर वस्तू हातची जाईल.

आधी सुई, कारण तिच्यात खरा धोका आहे. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर मिळणाऱ्या फण्या, केसांचे चाप, बाहुल्या, हस्तिदंती दिसणाऱ्या बांगड्या पुष्कळदा कचकड्याच्या, म्हणजे सेल्युलॉइडच्या असतात. जॉन हायट यांनी १८७०च्या सुमारास अमेरिकेत ते बाजारात आणलं. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करायची आणि त्यात कापूर मिसळायचा, अशी ही कृती. बंदुकीची बिनधुराची दारूही याच घराण्यातली. अशा फणीला लाल सुई लावली तर ती हातातच पेट घेऊ शकते.

बेकेलाइट असं पेटत नाही. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून ते तयार केलं. उष्णतेने एकदा घट्ट झालं की ते पुन्हा वितळत नाही, म्हणून सुई आत जात नाही. पण चटका बसतोच. पंचवटीतल्या एका काकूंनी मला मधाच्या रंगाची बांगडी दाखवली. कोरलेल्या पानाच्या ऐन मध्यावर काळा ठिपका, भोवती तपकिरी वलय. बांगडी अस्सल होती. ती अस्सल आहे हे ठरवतानाच तिचं रूप गेलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

ओळखायला आपलं नाक पुरतं. वस्तू अंगठ्याने जोरजोरात घासा आणि गरम झाली की लगेच हुंगा. बेकेलाइटला कार्बोलिक साबणासारखा औषधी वास येतो, कचकड्याला कापराचा. काही जण गरम पाण्यात बुडवायला सांगतात, तेही नको. दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या केसीनच्या बांगड्या आणि बटणं पाणी शोषून फुगतात, मग तडकतात. शिवाय साच्याची रेघ पाहा. रंगीत बेकेलाइटचे दागिने बहुधा ओतीव कांड्या-नळ्यांतून कापून, कोरून केलेले असत. बांगडीच्या कडेने साच्याची शिवण फिरली असेल तर ती बहुतेक नंतरच्या प्लॅस्टिकची.

पिवळट म्हणजे अस्सल, हेही खरं नाही. पांढरं बेकेलाइट वयानुसार पिवळं पडतं, पण पॉलिस्टायरिनसारखं साधं प्लॅस्टिकही पडतं.

आता लाखांची गोष्ट. काळा खटका बेकेलाइटचा असतो, मान्य. पण लाकडाचा भुसा मिसळून साच्यात दाबलेला हा माल अफाट प्रमाणात निघाला आणि आजही निघतो. भांडी बाजारातून आणलेल्या कुकरची काळी मूठ बहुधा याच जातीची. हजारो डॉलर पडतात ते ‘फाडा’सारख्या अमेरिकी कंपन्यांच्या, १९३०-४०च्या दशकांतल्या ओतीव रंगीत रेडिओंना, तेही तडा नसेल तर. म्हणून खटके टाकून द्या असं नाही. आजोळच्या ओसरीवरचा खटका मी जपलाय तो विकण्यासाठी नाही.

नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं. कचकडं, ॲक्रिलिक, पॉलिस्टायरिन या तिन्हींना ते विरघळवतं. मऊ, किंचित ओलं फडकं आणि लगेच कोरडं पुसणं, एवढं पुरे. पॉलिशपेपर तर मुळीच लावू नका. वर्षानुवर्षं चढलेला रंग फक्त पृष्ठभागावर असतो, तो निघून जातो. शिवाय उष्णता सोसणाऱ्या काही जुन्या भागांत ॲस्बेस्टॉस भरलेलं असे, त्याची धूळ फुप्फुसात जायला नको.

हवाबंद पिशवीचा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो, पण कचकड्याला तो सर्वांत घातक. जुनं होताना त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं, आणि ते कोंडलं की ऱ्हास आणखी वेगाने होतो. पिशवी पत्र्याखालच्या माळ्यावर असेल तर नाशिकचा मे महिना त्यात भरच घालतो. शेजारच्या पितळी कड्या हिरव्या पडतात, चांगल्या फण्याही नासतात. कचकडं वेगळं काढा, आम्लरहित कागदात सैल गुंडाळा आणि हवा खेळेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात, घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात, देवघरापासून आणि गॅसपासून लांब ठेवा. पावसाळ्यात अधूनमधून उघडून बघा. चिकट झालेली, बारीक भेगा पडलेली किंवा झोंबरा वास येणारी वस्तू त्याच दिवशी बाकीच्यांपासून बाजूला करा.