समितीच्या नव्या सदस्यास काही सूचना

सांगली जिल्ह्यातील पदवीधरांच्या बेरोजगारीवर उपाय सुचवण्यासाठी एखादी समिती नेमली गेली आणि तीत आपले नाव आले, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. निदान एका सुशिक्षित माणसाच्या हाताला काम मिळाले. समित्या आपल्याकडे पावसापेक्षा नियमित येतात, तेव्हा ही वेळ आपल्यावर आज ना उद्या येणारच, आणि ती आल्यावर आपण गोंधळून जाऊन नोकऱ्या कोठून आणायच्या असल्या विचारात पडू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. नोकऱ्या निर्माण करणे हे खर्चाचे आणि वेळखाऊ काम आहे. बेरोजगार कमी करणे त्यामानाने सोपे असून ते बरेचसे कागदावरच उरकते.

पहिल्याच बैठकीत आपण व्याख्येचा विषय काढावा. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात ‘चालू साप्ताहिक स्थिती’ नावाचा एक निकष आहे. त्यानुसार मागील सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तासभर जरी काम केले असले, तरी तो माणूस रोजगारात धरला जातो, आणि घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी हातभार लावणाऱ्यालाही रोजगारातच मोजतात. हा निकष आपल्या सरकारने घरी बसून काढलेला नाही, तो जगभर चालतो. प्रश्न एवढाच आहे की मिरज तालुक्यातला जो एम.कॉम. झालेला मुलगा पहाटे वडिलांच्या दोन म्हशींची धार काढतो, मोटारसायकलला किटली अडकवून डेअरीत दूध घालून येतो आणि मग दिवसभर स्वतःला बेकार समजून पारावर तोंड पाडून बसतो, त्याला तो सकाळी सहा वाजताच स्वयंरोजगारित झालेला आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. ते आपण सांगावे. मुलींच्या बाबतीत तर समितीला एवढेही कष्ट नाहीत. पदवीधर मुलगी नोकरी शोधते तोवर ती बेरोजगार; लग्न होऊन शोध थांबला की ती घरकामाच्या रकान्यात जाते, श्रमशक्तीच्या हिशेबातून बाहेर पडते, आणि शासनाचा एक रुपया खर्च न होता बेरोजगारीचा दर अक्षतांबरोबर खाली येतो. मुलांना ही सोय उपलब्ध नाही, कारण त्यांचे लग्न ठरायलाच आधी नोकरी लागते.

दुसऱ्या बैठकीत कोणीतरी अभ्यासू सदस्य आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२४ चा भारताविषयीचा अहवाल घेऊन येईल. त्यात २०२२ साली पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधील अवघी ३.४ टक्के असल्याचे दिले आहे. यावरून महाविद्यालयेच बंद करावीत अशी सूचना पुढे आली, तर आपण तिला नम्रपणे विरोध करावा. कारण एक तर निरक्षर माणसाला कामावाचून घरी बसणे परवडत नाही, एवढाच त्या दुसऱ्या आकड्याचा अर्थ आहे, आणि दुसरे म्हणजे शेजारच्या खुर्चीवर संस्थाचालक बसलेले असतात. शिवाय राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना १९८३ मध्ये परवानगी दिली गेली ती आपल्याच जिल्ह्याचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, तेव्हा येथे बसून त्या दिशेला बोट दाखवणे शिष्टाचारास धरून होणार नाही.

याच बैठकीत गलाईवाल्यांचा विषय निघण्याचा धोका आहे, तो मात्र कटाक्षाने टाळावा. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन सोने-चांदी गाळण्याचा धंदा करतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची शाळा दहावीच्या अलीकडेच सुटलेली असते. चांदी तेजाबात विरघळते आणि सोने खाली राहते, हे ज्ञान भट्टीसमोर बसून त्यांनी हाताला चटके देऊन मिळवलेले असते. त्यांच्याच भावकीतल्या रसायनशास्त्राच्या द्विपदवीधराला नायट्रिक आम्लाचे तेच समीकरण फळ्यावर दोन्ही बाजूंनी जुळवून दाखवता येते, फक्त त्याने मूस कधी हातात धरलेली नसते. म्हणजे एकाकडे समीकरण आहे, दुसऱ्याकडे दुकान आहे, आणि दिवाळीला दोघे गावी भेटतात तेव्हा कोण कोणाच्या गाडीतून फिरतो हे सर्वांना ठाऊक असते. अभ्यासक्रमात भट्टी आणावी काय, असा प्रश्न यातून निर्माण होतो. तो अभ्यासमंडळाकडे पाठवावा, म्हणजे पुन्हा आपल्याला दिसणार नाही.

प्रशिक्षणाची शिफारस मात्र निःसंकोच करावी. राज्य सरकारने २०२४ मध्ये जी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरले. मुदत आधी सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. अकरा महिन्यांचा करार आपल्याकडे भाडेकरूशी करतात, आणि तो का करतात हे घर भाड्याने दिलेल्या वाचकांना सांगायला नको. बाराव्या महिन्यात हा प्रशिक्षित तरुण जेथून आला तेथे परत जातो, फरक इतकाच की आता त्याच्याजवळ प्रमाणपत्र असते.

स्पर्धा परीक्षांविषयी समितीने कृतज्ञतेचा ठराव करावा असे माझे मत आहे. तलाठ्यांच्या २०२३ च्या भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये होते. हा गुणाकार आपण बैठकीत मोठ्याने करू नये. पण बेरोजगारी हा तिजोरीवरचा भार आहे, असे म्हणणाऱ्यांना मात्र तो खाजगीत करून दाखवावा. अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकाने, खोल्यांचे भाडे, हे सारे याच मुलांच्या बापांनी विकलेल्या उसाच्या बिलावर चालते, आणि पाचव्या प्रयत्नानंतर जो थकतो तो स्वतःच मार्गदर्शनाचा वर्ग काढतो. याहून स्वयंपूर्ण उद्योग जिल्ह्यात दुसरा नाही. स्वयंरोजगार कर्जाबद्दल चार ओळी पुरेत; बँक तारण मागते आणि ज्याच्याकडे तारण असते तो अर्ज घेऊन येत नाही.

शेवटच्या बैठकीत एखादे ज्येष्ठ सदस्य वि. स. पागे यांचे नाव काढतील. पागे आपल्या जिल्ह्याचे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना प्रथम तासगाव तालुक्यात अजमावली गेली, १९७२ च्या दुष्काळात तिने राज्य जगवले, आणि १९७७ मध्ये तिचा रोजगार हमी कायदा झाला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असे कायद्यात लिहिणारे हे राज्य. मग पदवीधराने मागितले तर, असे कोणी विचारलेच, तर त्यालाही हरकत नाही असे खुशाल सांगावे. बंधाऱ्यावरची पाटी उचलताना पदवी आडवी येत नाही. त्या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला, तो अजून चालू आहे. आपल्या प्रयत्नांनी एखाद्या पदवीधराला नोकरी लागलीच, तर त्याच्या पगारातून दरमहा २०० रुपये कापले जातील, फेब्रुवारीत ३००, आणि तो पगारपत्रक घेऊन हे कशाचे म्हणून विचारायला येईल. तेव्हा ही कपात रोजगाराच्या हमीची आहे, असे त्याला सांगावे, आणि कोणाच्या हमीची असे त्याने विचारण्याच्या आत इतिवृत्तावर सही करून उठावे.