जहाज नाही, तरी फाटक बंद

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने कुठल्याशा नव्या क्रूझ टर्मिनलचा व्हिडिओ टाकला. काचेच्या भिंती, सरकते जिने, बॅगांचे पट्टे. खाली लिहिलं होतं, 'अगदी विमानतळासारखं!' त्यावर अंगठ्यांची रांग. माझं डोकंच फिरलं. अरे, धक्का विमानतळासारखा दिसणं हे कौतुक कधीपासून झालं?

मागे आईला घेऊन एका बंदराच्या शहरात गेलो होतो. (नाव सांगत नाही, नाहीतर मुद्दा राहील बाजूला आणि त्या शहरावरूनच जुंपेल.) आईचे गुडघे गेलेले, पण तिला पाणी जवळून बघायचं होतं. रडतखडत धक्क्यापाशी पोचलो, तर उंच जाळी आणि कुलूप. पलीकडे जहाज नाही की माणूस नाही. रखवालदार म्हणाला, आज जहाज नाही म्हणून बंद. बरं, जहाज असेल तेव्हा येऊ? तेव्हा फक्त तिकीटवाल्यांना सोडतात. आई म्हणाली, "मग आम्ही यायचं तरी कधी?" तो बिचारा काय बोलणार!

पूर्वीचे धक्के म्हणजे काही बागा नव्हत्या, मान्य. गोण्या, हमाल, क्रेन, शिव्या. मग 1956 साली 'आयडियल एक्स' हे जहाज 58 कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं आणि सगळं चित्रच पालटलं. कंटेनरला मागे मोकळं मैदान लागतं. शहराच्या मधोमध, पाण्यात बोटांसारख्या शिरलेल्या चिंचोळ्या धक्क्यांवर ते कुठून आणणार? बंदरं बाहेर सरकली, धक्के ओस पडले. शहराला आपला किनारा परत मिळायची संधी होती. मिळाला कोणाला? सकाळी उतरून संध्याकाळी निघून जाणाऱ्या क्रूझवाल्या पाहुण्यांना.

हो, सुरक्षेचं माहीत आहे. 2004 पासून आयएसपीएस ही जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता लागू आहे, परदेशी फेरीचं जहाज लागलेलं असताना वाटेल त्याला आत सोडता येत नाही. ठीक. पण रिकाम्या धक्क्याला वर्षभर कुलूप घाला, असं काही त्यात लिहिलेलं नाही. आणि धक्क्याचे पाण्यातले खांब सांभाळायला पैसा लागतो, तो क्रूझवाल्यांकडून येतो. तेही ठीक. पण धक्क्याला लागलेलं जहाज एसी आणि स्वयंपाकघरं चालवायला इंजिनं सुरू ठेवतं, तो धूर कोण खातं? किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय अलास्कातल्या जुनो बंदराने 2001 मध्येच करून दाखवली. बाकीची कितीतरी बंदरं अजून विचारच करताहेत!

न्यूयॉर्कच्या ज्या 54 नंबरच्या धक्क्यावर 1912 मध्ये 'कार्पेथिया' जहाजाने बुडालेल्या टायटॅनिकची वाचलेली माणसं उतरवली, तिथे आता फक्त जुनी लोखंडी कमान उरली आहे. त्या रात्री पावसात लोक आपल्या माणसांची वाट बघत होते. धक्का हा वाट बघणाऱ्यांचाही असायचा, निरोप द्यायला आलेल्यांचाही. आता निरोप टॅक्सीच्या दारातच. त्या कमानीपलीकडे 2021 पासून पाण्यावर एक बाग आहे, आत जायला पैसे लागत नाहीत. पैसा एका धनाढ्याने ओतला, असा माणूस दर शहराला थोडाच मिळतो, हेही खरंच म्हणा.

पण जपानमधल्या योकोहामाचं काय? तिथलं ओसानबाशी टर्मिनल 2002 पासून उभं आहे आणि त्याचं छप्पर म्हणजेच लोकांचं मैदान. लाकडी फळ्या, मध्येमध्ये गवत, जहाज असो वा नसो, रात्री-अपरात्रीसुद्धा खुलं. खाली कस्टम्स, वर फिरायला आलेली माणसं, कोणाचं कोणावाचून अडत नाही. वर जायला जिन्याऐवजी उतार. आईच्या गुडघ्यांना सहज झेपलं असतं.

टर्मिनलची निविदा काढताना 'छप्पर लोकांसाठी खुलं हवं' ही एक अट घालायला काय जातं? खर्च वाढेल म्हणतील. वाढू दे. दोन काचा कमी लावा.